अक्षता पडल्याशिवाय

पांढुर्ण्याच्या बाजारातून जाम नदीच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कळंबे प्रिंटिंग प्रेस आहे, आणि त्या प्रेसमध्ये मॅक कॉम्प्युटर आहे. नागपूरच्या एका जाहिरातवाल्यानं धंदा आवरला तेव्हा वसंतराव कळंब्यांनी तो उचलून आणला होता. गावात त्याचं भारी कौतुक झालं. लग्नपत्रिका छापायला आलेली माणसं आधी मॅक बघत, मग कागद बघत, आणि घासाघीस मात्र जुन्याच दरावर करत.

होळीनंतर या मॅकसमोर वसंतरावांची मुलगी भाग्यश्री बसायला लागली. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून ती नागपूरच्या नोकरीतून सुट्टी काढून आली होती. सुट्टी संपली, तरी परत गेली नाही. तिला हे काम आवडायला लागलं होतं. शाईचा वास, कटिंग मशीनचा धाडकन येणारा आवाज, "माह्या नावाच्या वरती मोठ्या जावयाचं नाव कायले टाकलं?" म्हणून भांडायला येणारे वऱ्हाडी, सगळंच. एके दिवशी जेवताना तिनं सरळ सांगून टाकलं.

"बाबा, प्रेस मी चालवीन. कायमची."

"पाहू," वसंतराव म्हणाले.

वसंतरावांचं 'पाहू' म्हणजे बहुतेक 'नाही', हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोबाईलचं दुकान टाकणारा एकजण प्रेसची जागा मागत होता, आणि वसंतरावांनी त्याला अर्धी मान हलवून दिली होती. पोरीच्या भरवशावर प्रेस ठेवायचा तर पोरगी उद्या कुठे असेल कोणाला माहीत, असा त्यांचा हिशोब. बोलून दाखवत नसत, पण दिसायचा. भाग्यश्री मागे लागली तेव्हा ते म्हणाले, "सौंसरची स्मरणिका टायमावर काढून दाखव. मंग बोलू." म्हणजे सगळं त्या एका स्मरणिकेवर येऊन टेकलं.

सौंसरची एक शाळा पन्नास वर्षांची होत होती. स्मरणिकेचं काम समितीनं कळंब्यांना दिलं, कारण समितीतल्या निम्म्या लोकांच्या पत्रिका इथेच छापल्या होत्या. संपादक होत्या प्रज्ञा मॅडम, त्याच शाळेत मराठी शिकवणाऱ्या. त्यांनी सगळा मजकूर स्वतः टाइप करून पाठवला. भाग्यश्रीनं फाईल उघडली आणि कपाळाला हात लावला. जोडाक्षरं सगळी फुटलेली होती. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, आणि मुख्याध्यापकांच्या नावाच्या जागी नुसते रिकामे चौकोन.

"माझं नाव कसं दिसून राहिलं?" मॅडमनी फोनवर विचारलं.

"तुटलं आहे, मॅडम."

"मग जोडा नं बापा! सोमवारी संध्याकाळपर्यंत प्रूफ पाहिजे. नाही तर समितीवाले नागपूरला देतो म्हणून राहिले. मी किती थांबवू त्यांना?"

रोग साधा होता. प्रेसमधल्या पत्रिका जुन्या फॉन्टात बसायच्या, मॅडमचा मजकूर नव्या फॉन्टात होता, आणि मॅकवरचं लिहिण्याचं सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं की त्याला नवा फॉन्ट पचत नव्हता. औषधही साधं होतं. सॉफ्टवेअरचं अपडेट लावायचं, की झालं. प्रेसमधला दुसरा कॉम्प्युटर गेल्या पावसाळ्यात वीज पडून गेला होता, म्हणजे जे करायचं ते मॅकवरच. भाग्यश्रीनं अपडेटचं बटण दाबलं आणि निळी पट्टी सरकायला लागली. अर्ध्यात गेली आणि बसून राहिली.

पहिल्या दिवशी तिनं नेटला शिव्या घातल्या. नेटचा डबा वसंतरावांनी धूळ लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून कार्डांच्या गठ्ठ्यामागे ठेवला होता. तिथून बिचारा काय पोचवणार? तिनं तो बाहेर काढला, पिशवी सोडवली, तरी भरवसा नको म्हणून स्वतःच्या फोनचं नेट जोडलं. आता पट्टी शेवटपर्यंत गेली. मग मॅक म्हणाला, जागा पुरत नाही.

जागा कोणी अडवली ते बघायला गेली, तर गणपतींनी. पत्रिकेच्या माथ्यावर टाकायचे गणपती होते ते. बसलेले, उभे, नाचणारे, पिंपळाच्या पानात कोरलेले, आणि एकेका गणपतीच्या पाच-पाच प्रती. त्यांच्या शेजारी बौद्ध लग्नांसाठी ठेवलेली बुद्धाची चित्रं, तीही तशीच पोतंभर. भाग्यश्री जास्तीच्या प्रती निवडून कचरापेटीत टाकायला लागली.

"हे काय करून राहिली?" मागे वसंतराव उभे होते. ऑपरेशननंतर त्यांना नको तेही दिसायला लागलं होतं.

"डबल आहेत बाबा. जागा करून राहिली."

"गणपती कचऱ्यात टाकते?"

"चित्र आहे नं ते."

"चित्र असो का काही असो. देव कचऱ्यात जात नाही."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. भाग्यश्रीनं बाजारातून बाहेरून लावायची डिस्क आणली आणि देव एकेक करून तिच्यात हलवले. प्रेसवरचे जुने मशीनमन सुखदेवकाका शाईनं भरलेले हात पुसत बघत होते. "आमचे बुद्ध पण जपून न्या बरं ताई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू होतं, पण अगदीच गंमत नव्हती. तिनं तेही जपून नेले.

जागा झाली. नेट होतं. आता अपडेट न लागायला काही कारण उरलं नव्हतं. भाग्यश्रीनं पुन्हा बटण दाबलं, आणि मॅकनं तिसरंच कारण पुढे केलं. लिहिण्याचा प्रोग्राम उघडा आहे, तो बंद करा, मग पुढे जाऊ.

उघडा? तिनं तर खिडकीच्या कोपऱ्यातल्या लाल टिकलीवर दाबून खिडकी घालवली होती. पुन्हा बघितलं. पडद्यावर काही नव्हतं. मॅकचं म्हणणं मात्र तेच. तिला वाटलं, उचलावा आणि द्यावा जाममध्ये फेकून. नदीत सध्या पाणी नाही, हेही लगेच आठवलं.

शेवटी तिनं आशिषला फोन लावला. तो नागपूरच्या नोकरीतला तिचा सोबती. ऑफिसातले सगळे मॅक त्याच्याच गळ्यात असायचे.

"ताई, तुम्ही आतापर्यंत विंडोजवाल्या," आशिष म्हणाला. "तिथे खिडकी घालवली की प्रोग्राम गेला. इथे तसं नाही. खालच्या पट्टीत त्या प्रोग्रामच्या चित्राखाली बारीक ठिपका आहे का?"

"आहे."

"म्हणजे तो जागा आहे. कमांड आणि क्यू सोबत दाबा. ठिपका गेला पाहिजे. ठिपका असेपर्यंत अपडेट हात नाही लावणार."

भाग्यश्रीनं कमांडवर बोट ठेवलं. क्यूवर ठेवणार, तेवढ्यात वसंतरावांनी तिचं मनगट धरलं.

"लग्नं उघडी हायेत," ते म्हणाले. "मी खालच्या पट्टीत दडवून ठेवली."

इथे कळंबे प्रेसचा नियम सांगायला हवा, नाही तर हे मनगट धरणं कोणाला कळायचं नाही. भाग्यश्रीच्या आजोबांच्या काळात पत्रिका शिशाच्या खिळ्यांनी जुळवायचे. एकेक अक्षराचा एकेक खिळा. जुळवलेली पत्रिका सुतळीनं बांधून फळीवर ठेवायची, आणि त्या लग्नाच्या अक्षता पडल्याशिवाय सोडवायची नाही. आजोबा म्हणत, कोणाचं लग्न लागायच्या आधी त्याची नावं विस्कटायला आपण कोण? यात व्यवहारही होता, कारण ऐन वेळी शंभर पत्रिका वाढवून मागणारे तेव्हाही होते. मात्र अक्षता पडल्या की लगेच सोडवायची. हंगामात खिळे कमी पडत. एका पत्रिकेत अडकलेला 'श्री' सुटेपर्यंत दुसऱ्याची पत्रिका अडून बसे. मग सगळं घर फळीभोवती बसून अक्षरं आपापल्या खान्यात परत टाकायचं. लहानपणी भाग्यश्रीनंही टाकली होती. 'श'चा खाना कुठे, 'भ'चा कुठे, तिला अजून पाठ होतं.

खिळे गेले, ऑफसेट आलं, मॅक आला. नियम तसाच राहिला. वसंतरावांनी तो नुसता फळीवरून पडद्यावर आणला. ज्या लग्नाच्या अक्षता पडायच्या आहेत, त्याची फाईल बंद करायची नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या दोन काठांवरून दगडफेक चालते, त्या गोटमारीला सगळा बाजार शटर पाडून बसायचा, तेव्हा बंद प्रेसमध्ये मॅक इन्व्हर्टरवर जागाच असायचा, कारण पोळ्यानंतरही कोणाचं ना कोणाचं लग्न ठरलेलं असायचंच. आणि लग्नाची फाईल उघडी म्हणजे प्रोग्राम उघडा. प्रोग्राम उघडा म्हणजे अपडेट नाही. कितीतरी वर्षांत या मॅकला एक अपडेट का लागलं नव्हतं, ते भाग्यश्रीला त्या क्षणी कळलं. मॅकमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. तो बिचारा सगळ्या पंचक्रोशीची लग्नं धरून बसला होता.

"बाबा, सेव्ह करून बंद केली तर लग्न मोडत नाही."

"मी कुठं म्हणतो मोडते? पण बंद करायची नाही."

"अन् स्मरणिका?"

वसंतरावांनाही पेच होताच. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "हंगाम सरून राहिला. चार लग्नं उरली. तीन उद्या-परवा लागतात. शेवटचं रविवारी, लोधीखेड्याले. ते लागलं की तू मोकळी."

सोमवारी प्रूफ आणि रविवारी मोकळी! भाग्यश्रीला राग आला, पण ती कळंब्यांचीच मुलगी होती. नियम खुळा आहे असं नागपुरात म्हणता आलं असतं. इथे, ज्या फळीवर आजोबा खिळे ठेवायचे त्याच फळीवर मॅक ठेवलेला असताना, तिच्या तोंडून ते निघेना. ती मॅडमना फोन करून म्हणाली, "थोडं थांबा, लग्न आहे." मॅडमनी कोणाचं विचारलं. "लोधीखेड्यात आहे एक," एवढंच ती बोलली.

रामाकोन्याचं लग्न लागलं, सावरगावची दोन लागली. प्रत्येक वेळी वसंतराव फोन करून खात्री करत, हात जोडत आणि फाईल बंद करत. रविवारी दुपारी त्यांनी लोधीखेड्याला नवरदेवाच्या मामाला फोन लावला. तिकडून डीजेचा आवाज आधी आला, मामा नंतर.

"दिलीपभाऊ, अक्षता पडल्या का?"

"कायच्या पडतात! नवरदेव अजून मारुतीपाशीच! पोट्टे घोड्यापुढे नाचून राहिले!"

भाग्यश्री फोनकडे अशी बघत होती की जणू तिचंच लग्न अडलं आहे. मुहूर्त टळून गेला. पुन्हा फोन. घोडा शाळेपाशी आला होता. पुन्हा फोन. घोडा मांडवापाशी होता, पण नवरदेवाचे भाऊजी रुसले होते. सुखदेवकाकांनी तेवढ्यात एक डुलकी काढून घेतली. ऊन उतरायला लागलं तेव्हा दिलीपभाऊंचाच फोन आला. "पडल्या हो, पडल्या! जेवाले या!"

वसंतरावांनी हात जोडले आणि लोधीखेड्याची फाईल स्वतःच्या हातानं बंद केली. भाग्यश्रीनं खुर्ची ओढली. अपडेटचं बटण दाबलं.

लिहिण्याचा प्रोग्राम उघडा आहे, तो बंद करा.

खालच्या पट्टीत ठिपका तसाच होता. आता तर उघडं काहीच राहिलं नव्हतं. तिनं मॅकच बंद केला आणि पुन्हा चालू केला. मॅक उठला, आणि तिनं कशालाही हात लावायच्या आत प्रोग्राम आपणच उघडला. पडदा रिकामा, ठिपका जागच्या जागी. तिनं पुन्हा आशिषला गाठलं.

"ताई, मॅक उघड्या खिडक्या ध्यानात ठेवतो," आशिष म्हणाला. "बंद करून चालू केला तरी होत्या तशा उघडून देतो. सेव्ह न केलेली पण. एखादी खिडकी कुठे तरी राहिली आहे. वरती 'विंडो' लिहिलं आहे तिथे दाबा, यादी येते."

"राहू दे आता," वसंतराव एकदम म्हणाले. ते केव्हापासून दारात उभे होते कोण जाणे. "उद्या पाहू. डोळे दुखतीन तुहे."

डोळ्यांचं ऑपरेशन त्यांचं झालं होतं, तिचं नव्हतं. भाग्यश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग यादी उघडली. यादीत एकच नाव होतं, आणि तेही नाव नव्हतंच. सेव्ह न केलेल्या फाईलला मॅक जे आपल्या मनानं देतो, ते होतं. तिनं त्यावर दाबलं.

सगळा पडदा बाजूला सरकला. मॅकवर टेबलाशेजारी टेबल मांडावं तसा एका पडद्याशेजारी दुसरा पडदा मांडता येतो, आणि वसंतरावांनी ही फाईल त्या दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवली होती. पडद्यावर पत्रिका आली. माथ्यावर गणपती होता, कुठल्याच गिऱ्हाइकाला न दिलेला, बारीक रेषांचा. चारी बाजूंनी आंब्याच्या पानांची किनार. मधे ठसठशीत अक्षरांत: चि. सौ. कां. भाग्यश्री. खाली 'आणि'. त्याखाली 'चि.', आणि पुढे कोरी जागा. तारखेची जागाही कोरीच होती.

दोन वर्षांपूर्वी भाग्यश्रीचं लग्न ठरलं होतं. मुलाचं नाव गौरव, छिंदवाड्याचं घराणं. साखरपुडा झाल्यावर त्यांनी सांगितलं की मुलीनं नोकरी सोडावी आणि माहेरच्या प्रेसमध्ये फार ये-जा ठेवू नये. भाग्यश्रीनं स्वतः फोन करून नाही म्हटलं. आई रडली, नातलग बोलले. वसंतराव तेवढे काहीच बोलले नाहीत. चांगलं केलं म्हणाले नाहीत, वाईट केलं म्हणाले नाहीत. या गोष्टीवर त्यांचा एक शब्द तिनं दोन वर्षांत ऐकला नव्हता. राग आहे असं तिनं समजून घेतलं, आणि नागपूरहून येणं कमी केलं.

"ही कायले ठेवली?" तिनं विचारलं. आवाज चढला होता.

"नियम हाये," वसंतराव म्हणाले. "अक्षता पडल्याशिवाय..."

"कोणत्या अक्षता? त्या मुलाले नाही मी म्हटलं. मी!"

"त्याचं नाव तर मी तवाच काढलं. त्याची वाट नाही पाहिली मी."

"मंग कोणाची पाहून राहिले?"

"कोणाची नाही. जागा ठेवली होती, बस."

भाग्यश्रीला रडू येत होतं आणि संताप येत होता, आणि दोन्हीपैकी आधी कोणतं बाहेर पडेल ते तिलाच कळत नव्हतं. इतके दिवस ती इथे बसून पत्रिका लावत होती, गिऱ्हाइकांशी भांडत होती, प्रेस आपला म्हणत होती. आणि शेजारच्या टेबलावर तिचंच अर्धवट काम पडलेलं होतं. म्हणून तर 'पाहू'. म्हणून तर मोबाईलवाल्याला अर्धी मान. वडिलांच्या लेखी ती अजून छापायचीच होती.

"मी लग्न करीन का नाही करीन, ते माहं मी पाहीन," ती म्हणाली. "पण मी तुमचं राहिलेलं काम नाही, बाबा. दोन वर्षं एक शब्द नाही बोलले तुम्ही. मले वाटे तुम्ही रागात हाये."

"रागात नव्हतो," वसंतराव हळूच म्हणाले. "काय बोलू तेच समजे नाही. पत्रिका मी जुळवली होती. बंद कराले हात होत नव्हता."

सुखदेवकाका मशीन पुसता पुसता थांबले होते. आपण इथे नको असं वाटून ते पाणी प्यायला बाहेर गेले. भाग्यश्रीनं डोळे पुसले. समोर भिंतीला खिळ्यांची जुनी पेटी टेकवलेली होती. तिच्या खान्यांत आता रबरी शिक्के आणि सुतळी असायची.

"आजोबाच्या टायमाले एखादं लग्न मोडलं, तर त्या पत्रिकेचं काय करत होते?"

वसंतरावांना प्रश्न कुठे जातो ते लगेच कळलं नाही. धंद्याचा प्रश्न होता, म्हणून त्यांनी धंद्याचं उत्तर दिलं. "सोडवून टाकत. खबर आली की लगेच."

"लगेच कायले?"

"मंग? दुसऱ्या कामाले अक्षरं लागत नाहीत का? अडकवून कसं चालन..." आणि इथे ते थांबले.

"दोन वर्षं झाली, बाबा," भाग्यश्री म्हणाली. "माह्या नावाचे खिळे सोडवा आता. मले लागतात ते."

वसंतराव खुर्चीपाशी आले. मग म्हणाले, "सरक." ती उठली, ते खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कमांड आणि क्यू कुठे आहे ते त्यांनी शोधलं आणि दोन्ही बोटांनी दाबलं. मॅकनं विचारलं, ही फाईल ठेवायची की टाकून द्यायची?

"इथं काय दाबू?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी गणपतीकडे एकदा बघितलं. देव कचऱ्यात जात नाही, हे तिलाही आठवलं. ते स्वतःशीच म्हणाले, "त्या डिस्कमध्ये ह्या गणपतीची एक प्रत हाये," आणि टाकून देण्याचं बटण दाबलं. पत्रिका गेली. खालच्या पट्टीतला ठिपकाही गेला.

अपडेट लागायला फार वेळ लागला नाही. पट्टी सरकली, कुठेही न अडता शेवटपर्यंत गेली, आणि प्रोग्राम नव्यानं उघडला. भाग्यश्रीनं सौंसरची फाईल उघडली. वेलांट्या आपापल्या अक्षरांवर जाऊन बसल्या होत्या, आणि चौकोनांच्या जागी मुख्याध्यापकांचं अख्खं नाव आलं होतं. तिनं मॅडमना फोन केला. "मॅडम, तुमचं नाव जुळलं."

"चला! आता देणगीदारांची नावं नीट तपासा," मॅडम म्हणाल्या. "भांडणं तिथेच होतात."

सोमवार सगळा पानं लावण्यात गेला. वसंतराव मोबाईलवाल्याविषयी काही बोलले नाहीत आणि तिनंही विचारलं नाही. काम वेळेत होत होतं, पण रविवारी जे झालं ते त्यांनी मनाला किती लावून घेतलं आहे हे तिला कळत नव्हतं. दुपार कलल्यावर प्रूफ काढायच्या आधी ती समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेली. परत आली तर वसंतराव मॅकसमोर बसून दोन बोटांनी काहीतरी टाइप करत होते. एक अक्षर, मग पडदा, मग दुसरं अक्षर. मधेच चुकलं म्हणून खोडून पुन्हा.

"काय करून राहिले बाबा? बिघडवान नं."

"हे पाह्य," ते म्हणाले. "शेवटचं पान."

कळंबे प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तळाला एक बारीक ओळ असते. आधी तिथे आजोबांचं नाव असायचं, मग वसंतरावांचं. भाग्यश्रीनं वाकून वाचलं. 'मुद्रक : भाग्यश्री वसंत कळंबे, पांढुर्णा.'

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"मोबाईलवाल्याले सकाळीच सांगून दिलं, जागा नाही भेटत म्हणून," वसंतराव पडद्याकडे बघतच म्हणाले. मग जरा चाचरत त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "मधात माहं नाव राहू दिलं. चालन नं?"

"चालन, बाबा."

"मंग सेव्ह कर," ते म्हणाले आणि खुर्चीवरून उठले.